पांढरी साडी घेतलेल्या बायका

नावानं माणूस सापडत नाही, नंबरानं सापडतो, हे प्रतिक्षाला 'बिल्वदल साडी'त कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात कळून चुकलं. फोन यायचा, पलीकडची बाई तावातावानं म्हणायची, "मी दानम्मा बोलतेय, माझी इरकल अजून आली नाही." प्रतिक्षा डॅशबोर्डच्या शोधाच्या चौकटीत दानम्मा टाकायची, तर एकही दानम्मा नाही. कारण ऑर्डर दिलेली असायची मुलानं, स्वतःच्या नावानं. नाहीतर बाईनं पहिल्या नावाच्या रकान्यात नुसतं 'सौ.' लिहून पुढच्या रकान्यात नवऱ्याचं अख्खं नाव कोंबलेलं असायचं. दुकानाच्या नोंदींत कितीतरी बायकांचं पाळण्यातलं नावच 'सौ.' होतं. मग प्रतिक्षा हसून म्हणायची, "मावशी, मोबाईलचे शेवटचे चार आकडे सांगा की." आकडे टाकले की बाई जिथं दडली असेल तिथून बाहेर यायची. गाव, पत्ता, काय घेतलं, कधी घेतलं, किती वेळा परत पाठवलं, सगळं पदरात बांधून.

दुकान जुनं, सोलापूरच्या चाटी गल्लीतलं. खाली गादीवर साड्या उलगडून दाखवायचा धंदा वीरभद्रप्पांनी उभा केला होता. ते आता भिंतीवरच्या फोटोत होते, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि गळ्यात चंदनाचा हार. त्यांची सून भुवनेश्वरी हुशार. तिनं माडीवर संगणक मांडले आणि सासऱ्याचं दुकान पार नागपूर-नांदेडपर्यंत नेलं. गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणत, म्हणून प्रतिक्षाही वहिनीच म्हणे. धाकटा दीर बसू कुरिअरचं आणि परत आलेल्या पार्सलांचं बघायचा. आणि दुपारी जिना चढून, गुडघ्यावर हात ठेवत, वीरभद्रप्पांची बायको चंद्रव्वा वर यायची. ती साऱ्यांची अव्वा. हातात भाकरीचा डबा आणि तोंडी एकच प्रश्न, "ऊटा आतेनु?" जेवलीस का, हे एवढं कानडी प्रतिक्षाला येत होतं. "नाही अव्वा" म्हटलं की अर्धी भाकरी आणि शेंगाचटणीचा डोंगर तिच्या डब्याच्या झाकणात पडायचा.

प्रतिक्षाचा बाप एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होता. ती पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला असताना तो गेला. आई केसरबाई एका खासगी दवाखान्यात आया. पोरीचा डिप्लोमा झाला तेव्हा मायलेकींनी मिलिंदनगरातलं घर काकाला सोडलं आणि जुळे सोलापुरात दोन खोल्या शोधायला निघाल्या. पहिल्या घरमालकानं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं. दोन्हींनी त्याचं भागेना, तेव्हा म्हणाला, "म्हणजे नक्की कोण?" केसरबाई म्हणाली, "माणसं हाव की." ती खोली मिळाली नाही. दुसऱ्या मालकानं आडनावावरच समाधान मानलं. आडनाव असं की चार जातींत सापडतं.

बिल्वदलमध्ये तर कुणी काही विचारलंच नाही. न विचारलेलं सांगायचं कशाला, असं म्हणत प्रतिक्षानं दोन वर्षं काढली. तिनं लपवलं नव्हतं, पण उघडही केलं नव्हतं. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद असते. तिथं माणसाला सतत अंग चोरून उभं राहावं लागतं. एप्रिलमध्ये जयंतीची सुट्टी मागताना ती "घरी कार्यक्रम आहे" म्हणायची. अव्वा विचारायची, "कसला?" ती म्हणायची, "जेवणाचा."

पण काम मात्र तिला जीव लावून आवडायचं. वहिनी म्हणायच्या, "पोचमपल्ली घेतलेल्या, पण सहा महिन्यांत परत न आलेल्या पुण्याच्या बायका काढ," आणि प्रतिक्षा एकावर एक फिल्टर चढवत जायची. गाव, माल, तारीख, आहे, नाही. शेवटी हजारोंच्या गर्दीतून नेमक्या त्या बायका रांगेनं उभ्या राहायच्या. तिला वाटायचं, ही आपली विद्या आहे. प्रत्येक फिल्टर बनवला की ती शेवटी स्वतःच्या मोबाईलचे चार आकडे टाकून बघायची. आपण जिथं यायला हवं तिथं येतो ना आणि नको तिथं येत नाही ना, एवढी खात्री झाली की फिल्टर पक्का. ही तिची स्वतःची पद्धत होती, कुठल्या पुस्तकातली नव्हे.

बिल्वदलची एक रीत होती. संक्रांतीला दुकान प्रत्येक बाई गिऱ्हाइकाला घरपोच वाण पाठवायचं. पिवळ्या डबीत हळदीकुंकवाचा छोटा करंडा, तिळगूळ आणि एक कार्ड, ज्यावर बाईचं नाव छापलेलं. गेल्या वर्षी नावं सरळ डॅशबोर्डमधून उचलली आणि प्रत्येकापुढं 'सौ.' छापलं, तेव्हा कितीतरी कार्डं 'सौ. सौ.' अशी गेली. गल्लीभर हशा झाला होता.

त्यातलंच एक कार्ड केसरबाईलाही आलं. आदल्या वर्षी प्रतिक्षानं तिच्या नावानं ऑर्डर टाकली होती आणि केसरबाईनं दारात कुरिअरवाल्याच्या हातावर स्वतः पैसे ठेवून साडी घेतली होती. म्हणून ती गिऱ्हाईक. डबी आली तेव्हा ती पोट धरून हसली. "सौ. केसरबाई! तुज्या दुकानानं मेलेला नवरा जित्ता केला की गं!" आणि मग ती डबी घेऊन चार घरं फिरून आली. दवाखान्यातही नेली. कुंकवाचं तिला काही नव्हतं, करंड्यात तिनं ब्लाऊजचे हूक ठेवले. पण कार्ड तिनं आरशाच्या फटीत खोचलं, ते वर्षभर तिथंच होतं. "माज्या नावानं कुनी कदी कागद छापला व्हता का?" ती म्हणायची. "एक लाइटबिल, तेबी तुज्या बापाच्या नावानं."

यंदा सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जवळ आली, तशी वहिनींनी प्रतिक्षाला हाक मारली. नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की रस्ते बंद होतात आणि कुरिअरची गाडी गल्लीत येत नाही, म्हणून वाणाची यादी आधीच लागायची.

"हे बघ," वहिनी मोबाईल पुढं करत म्हणाल्या. गेल्या संक्रांतीनंतर कुणा मुलानं लिहिलं होतं. माझे वडील जाऊन तीन महिने झाले आणि तुम्ही माझ्या आईला सौभाग्याचं वाण पाठवता? लाज वाटत नाही? खाली त्याला पाठिंबा देणारे पन्नास. "वाचून मला दोन रात्री झोप नाही गं. यंदा असं एकही पार्सल जाता कामा नये. काढ त्या बायका बाहेर."

"कशावरून काढायच्या, वहिनी? नवरा आहे का नाही, असा रकाना नाही आपल्याकडं."

"'सौ.' लिहिलेल्या ठेव."

"लिहितातच किती? बाकीच्या सगळ्या जातील मग. आणि एकदा लिहिलं की कोण बदलतंय? एका मावशीनं फोनवर सांगितलंय, ते गेले पण पासवर्ड त्यांनाच माहीत होता."

बसू पार्सलांच्या ढिगाआडून म्हणाला, "वहिनी, मेलेल्या नवऱ्यांची यादी महानगरपालिकेत मिळते. अर्ज करू?"

"तू गप रे," वहिनी म्हणाल्या. मग त्यांचे डोळे चमकले. "पांढरी साडी! पांढरी साडी कोण घेतं? ज्यांच्या घरात दुःख झालं तेच की. गेल्या वर्षभरात पांढरी साडी घेतलेल्या सगळ्या काढून टाक. थोड्या जास्त गेल्या तरी चालतील, पण कुणाच्या जखमेवर कुंकू नको."

प्रतिक्षानं होकाराची मान हलवली. पांढऱ्या साड्यांचा गट तयार केला, मग तो माल घेतलेल्या बायका, मग गेलं वर्ष. यादी आली ती वहिनींच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठी. वहिनी खुर्ची ओढून शेजारी बसल्या. कुठल्या महिन्यात किती विकल्या, याची आकृती पडद्यावर होती. एप्रिल आणि मे महिन्यांत तिचा उंच डोंगर, मग सगळं सपाट आणि ऑक्टोबरात पुन्हा एक टेकडी.

"आई गं," वहिनी हळूच म्हणाल्या. "एप्रिल-मेमध्ये केवढी माणसं गेली बघ. ऊन सोसत नाही म्हाताऱ्यांना. आपल्याकडं चव्वेचाळीसच्या वर जातं की."

"आणि ऑक्टोबर?" बसूनं विचारलं.

"पितृपंधरवडा रे. दान द्यायला घेत असतील."

एवढं बोलून त्यांनी खरोखरच कपाळाला हात लावला आणि भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडं बघितलं. त्यात नाटक नव्हतं. तीच तर पंचाईत होती. वहिनी दुष्ट असत्या तर प्रतिक्षाला सोपं गेलं असतं.

प्रतिक्षाला मात्र त्या डोंगरात माणसं दिसत होती, आणि ती जिवंत होती. चौदा एप्रिलला पहाटे न्हाऊन, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून, पोरांना पुढं घालून निघालेल्या बायका. वैशाखी पौर्णिमेला विहाराच्या सतरंजीवर ओळीनं बसलेल्या बायका. पांढऱ्या साडीत लग्नाला उभी राहिलेली तिची मावसबहीण, जिच्याएवढं खुश त्या दिवशी कुणीच नव्हतं. आणि इथं, या खुर्चीत, त्या साऱ्यांचे नवरे उन्हानं मारून टाकले होते.

सवयीनं तिनं आपले चार आकडे टाकले. उत्तर 'नाही' यायला हवं होतं.

यादीत एकच ओळ उरली. प्रतिक्षा. गेल्या मे महिन्यात कर्मचारी सवलतीत तिनं आईसाठी घेतलेली पांढरी साडी.

मग तिनं दुसरे चार आकडे टाकले. केसरबाईही होती, ऑक्टोबरात तिच्या नावानं मागवलेल्या साडीमुळं.

"तू कशी गं यात?" वहिनींनी विचारलं. त्यांची नजर पडद्यावरच होती. "घरी कुणी...? बोलली नाहीस ते!"

गप्प राहता आलं असतं. 'चुकून आलं' म्हणून ओळ पुसून टाकता आली असती. आपली आणि आईची. पण मग बाकीच्या? त्या बायका तिच्या विद्येनंच तिथं उभ्या केल्या होत्या. प्रतिक्षानं माऊसवरचा हात काढला.

"कुणी गेलं नाही, वहिनी. आई विहारात नेसते. बुद्धपौर्णिमेला. एप्रिलमधल्या साड्या जयंतीच्या आहेत, बाबासाहेबांच्या. ऑक्टोबरातल्या धम्मचक्र दिनाच्या. या बायका विधवा नाहीत. आमच्यात पांढरी साडी आनंदाची असते."

'आमच्यात' हा शब्द तिनं दोन वर्षांत पहिल्यांदा त्या माडीवर उच्चारला. बसूच्या हातातली चिकटपट्टी फाटता फाटता थांबली. वहिनींनी तिच्याकडं बघितलं, क्षणभर जास्तच बघितलं आणि मग त्या मोकळ्या हसल्या.

"अगंबाई! आणि मी आपली सगळ्यांसाठी रडतेय! आधी सांगायचं नाही का गं?"

प्रतिक्षाही हसली. एवढंच होतं तर. इतक्या वर्षांची धास्ती, आणि एवढंच. तिचा हात माऊसवर गेला. "मग हा फिल्टर काढते मी. सगळ्यांनाच पाठवू."

"थांब, थांब. काढू नको." वहिनी विचार करत होत्या. "बरं झालं बाई तू सांगितलंस. नाहीतर कुंकू गेलं असतं त्यांना. तुमच्यात चालत नाही ना हळदीकुंकू?"

प्रतिक्षा अडकली. चालत नाही, हे खरं होतं. विहारात तसं सांगतात आणि तिला ते पटतही होतं. पण गोष्ट कुंकवाची नव्हती, आणि कशाची होती ते तिला चटकन मांडता येईना. "गेल्या वर्षी सगळ्यांना गेलं होतं, वहिनी. एकीनंही तक्रार केली नाही. माझ्या आईला तर फार आवडलं. तिनं कार्ड ठेवलंय जपून."

"तुझे वडील नाहीत ना?"

"नाहीत."

"मग तर त्या दोन्हीकडून बसतात यात," वहिनी म्हणाल्या. किती मायेनं म्हणाल्या! जसं काही केसरबाईच्या अंगाला दुहेरी पांघरूण घालत होत्या.

"करंडा काढून नुसता तिळगूळ आणि कार्ड पाठवू शकतो. नाव छापलेलं."

"वाण सगळ्यांना एकसारखंच असतं गं. दोन-दोन प्रकारची डबी कोण भरत बसेल? त्यापेक्षा त्यांना तुमच्या जयंतीला वेगळं कूपन पाठवू. त्यांचा मान त्यांना. काय बसू?"

बसू उठून आला होता. "टॅग लावून टाक सगळ्यांना. परत परत शोधायला नको. फक्त भलतं नाव देऊ नको, कुणी स्क्रीनशॉट काढला तर बोंब होईल."

"'शुभ्र' दे," वहिनी म्हणाल्या. "छान वाटतं."

बसू पडद्यावर वाकला. "यांच्यात पार्सल परत येण्याचं प्रमाण किती आहे, बघ की."

प्रतिक्षानं बघितलं. "सगळ्यांइतकंच आहे."

"म्हणजे कमी तर नाही ना?"

"जास्तही नाही, बसूदादा."

"बरं बरं. हा टॅग कॅश ऑन डिलिव्हरीला जोडता येतो का? म्हणजे या बायकांना दारात पैसे द्यायची सोयच दिसायला नको. आधी पैसे, मग माल. धोका कशाला घ्यायचा?"

"येतो," प्रतिक्षा म्हणाली.

कारण येत होता. प्रश्न यंत्राचा होता आणि यंत्राच्या प्रश्नाला तिच्या तोंडून नेहमी खरंच उत्तर निघायचं. ते निघून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. पण 'येत नाही' म्हणायला आता उशीर झाला होता, आणि बसूनं तिच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली होती.

सगळ्या ओळी निवडायला एकच चौकट असते, सर्वात वरची. तिच्यावर खूण केली की खालच्या साऱ्या चौकटी आपोआप भरतात. प्रतिक्षानं खूण केली. शुभ्र. कोण कुठली बाई, लातूरची, अमरावतीची, मंगळवेढ्याची, एका क्षणात सगळ्यांच्या नावापुढं तो छोटा करडा शब्द जाऊन बसला. तिच्याही आणि आईच्याही. वाणाच्या फिल्टरमध्ये तिनं लिहिलं, टॅग शुभ्र नाही. पैशांच्या सोयीचं तिनं शनिवारपर्यंत रेटलं. शनिवारी बसूनं आठवण केली, तेव्हा तेही केलं.

टॅग लावला त्या दुपारी अव्वा वर आली तेव्हा प्रतिक्षाचं लक्ष तिच्या हातांकडं होतं. बसूनं खाली जाऊन सांगितलं असणारच. पण अव्वानं नेहमीसारखं विचारलं, "ऊटा आतेनु?" आणि नेहमीसारखीच अर्धी भाकरी तिच्या झाकणात टाकली. चटणी तर चार बोटं जास्तच. प्रतिक्षाला गहिवरून आलं. आपणच मनात मांडे खात होतो, वाईट मांडे. ही माणसं चांगली आहेत, तिनं स्वतःला बजावलं. संध्याकाळी घरी जाताना तिनं आईला सगळं सांगायचं ठरवलं, पण आरशातल्या कार्डाकडं नजर गेली आणि ती नुसतीच जेवली.

संक्रांत झाल्यावर दुकानात हळदीकुंकू असायचं. खालच्या गादीवर पांढरीशुभ्र चादर घालायची, गल्लीतल्या आणि नात्यागोत्यातल्या बायका यायच्या. गेली दोन वर्षं गुलाबदाणी प्रतिक्षाच्या हातात होती. तिच्या उंचीला ते बरं दिसतं, असं वहिनीच म्हणाल्या होत्या. यंदाही तिनं चांगला ड्रेस घातला होता, हिरवा.

चार वाजता वहिनी माडीवर आल्या. नथ घातलेली, घाईत. "प्रतिक्षा, तू आज लवकर निघ. गड्ड्याची गर्दी असते, रिक्षा मिळायची नाही."

"हळदीकुंकू झाल्यावर जाते की, वहिनी. गुलाबदाणी..."

"ती देईन पॅकिंगच्या पोरींकडं. तुला उगाच अवघडल्यासारखं होईल ना. तुमच्यात नसतं, आणि मी तुला उभं करायचं, बरं दिसतं का? मला कळायला हवं होतं गं, दोन वर्षं तुला त्रास दिला." त्यांनी तिच्या गालाला हात लावला. हात मऊ होता, हळदीचा वास येत होता.

प्रतिक्षा पिशवी घेऊन जिना उतरली. खाली बायकांचा कलकलाट, तिळगुळाचा खडखडाट, बांगड्या. पुढच्या दारानं जायचं तर त्या साऱ्यांतून जायला लागलं असतं. ती मागच्या दाराकडं वळली. तिथं साड्यांच्या गठ्ठ्यांची अंधारी खोली होती आणि तिचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत एका गठ्ठ्यावर अव्वा बसली होती. एकटी, हातात जपाची माळ. अव्वा दरवर्षी हळदीकुंकवाच्या वेळी इथं बसत असणार, हे प्रतिक्षाला आज कळलं. दोन वर्षं ती पलीकडं गुलाबपाणी शिंपडत होती आणि तिच्या हे ध्यानातही आलं नव्हतं.

"यव्वा, बा," अव्वानं शेजारचा गठ्ठा थोपटला. "बस हितं. वाईट वाटून घेऊ नको. मीबी बसते की आत. यजमान गेल्यापास्नं."

"तुम्हाला वाईट वाटत नाही, अव्वा?"

"पैल्या वर्षी वाटलं. मग सवय हुती. त्यांचं खेळूदे त्यांना. आपल्यामुळं त्यांना अवघड नको." आणि मग ती सहज म्हणाली, जशी भाकरी वाढायची तितक्याच सहज, "आपण दोघी हितंच बऱ्या."

प्रतिक्षा दारात उभी होती. त्या म्हातारीच्या शेजारी बसणं किती सोपं होतं. मऊ गठ्ठा, नव्या कापडाचा वास, डोक्यावरून फिरणारा हात. उद्यापासून भाकरीही मिळत राहिली असती, चटणीसुद्धा. फक्त एकदा बसलं की पुढच्या वर्षी कुणी 'बस' म्हणायचीही गरज उरली नसती.

"नाही अव्वा," ती म्हणाली. "उशीर होतोय."

"थांब." अव्वानं कोपऱ्यातल्या खोक्यात हात घालून एक पिवळी डबी काढली. उरलेल्यातली. "आईला दे. ती वाट बघत आसंल. होगली बिडु, मनात धरू नको काही."

प्रतिक्षानं डबी पिशवीत टाकली.

जुळे सोलापुरात पोचली तेव्हा केसरबाई ड्यूटीवरून येऊन चहा करत होती. "आलीस? आगं, यंदा तुज्या दुकानाचं पार्सल न्हाय आलं अजून. शेजारच्या भुजबळीनबाईला आलं सकाळी. मी म्हनलं तिला, मला येतंय की, माजी पोरगीच पाटवती. कुरिअरवाला खालनं गेला तर मी हाकबी मारली. 'न्हाय मावशी, तुमचं न्हाय' म्हनला."

प्रतिक्षानं पिशवीतून डबी काढून पुढं ठेवली. "हे घे. मीच घेऊन आले."

केसरबाईनं पदराला हात पुसले आणि डबी उघडली. करंडा बघितला, तिळगूळ बघितला. मग डबी उलटी केली, झाकण आतून बघितलं, तळाचा कागद नखानं उचलून बघितला.

"ह्याच्यावर नाव न्हाय की."

"घाईत राहिलं असेल."

"भुजबळीनबाईच्या डबीवर हाय." तिनं डबी खाली ठेवली. मग लेकीच्या तोंडाकडं बघितलं. आया म्हणून तिनं आयुष्यभर माणसांची तोंडंच बघितली होती. "काय झालं गं? काडलं व्हय नाव?"

"ऑफर बदलली आई. यंदा थोड्याच जणींना."

"आसं." केसरबाईनं डबी बंद केली आणि दाराजवळच्या फळीवर ठेवली, जिथं ती उद्या कुणालातरी द्यायच्या वस्तू ठेवायची. आरशातलं जुनं कार्ड तिनं काढलं नाही, पण फटीत जरा आत ढकललं. चहा गाळता गाळता तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. "आसूदे. एप्रिलमदी मी साडी मागवनार हाय. तू पैसं भरू नको, सवलतबी नको. मी माज्या मोबाईलवरनं मागवनार, माज्या नावानं. आन् दारात रोख पैसं मोजून देनार त्याला, पैल्यासारकं. मग बगू कसं येत न्हाय नाव."

प्रतिक्षानं कप दोन्ही हातांनी धरला. चहा फार गरम होता, तरी तिनं तो खाली ठेवला नाही.

"दिसंल ना गं मोबाईलवर ते, दारात पैसं द्यायचं?" आईनं विचारलं. "कुटं दाबायचं आसतं, ते तेवडं दाकवून ठेव मला."